मऊ वचनांची डबी

४ जून

ती. ताईस,

प्रभूच्या नावाने सलाम.

काल आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. काचबिंदू वाढलाय. थेंबांनी आता दाब उतरत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागेल, आधी उजव्याचं, आणि तेही याच महिन्यात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवायची, हे त्यांनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून समजावलं. २६ तारीख दिली आहे.

नंतर सहा आठवडे दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे, आईला वाकू द्यायचं नाही, डोकं धुवायला कुणीतरी हवं. माझी वजनमाप खात्याची नोकरी तुला ठाऊकच आहे. आठवड्यातले चार दिवस मी बाजार पालथे घालत दुकानदारांचे काटे तपासत असतो. हिची शाळाही सुरू होतेय. तेव्हा तुला सहा आठवडे येता येईल का?

अर्थात एवढा मोठा निर्णय देवाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. आईची वचनांची डबी मी उशाशी आणून ठेवली आहे. बाबांनी करवून घेतलेली तीच, गोळ्यांची पत्र्याची. तिच्यातली पवित्र शास्त्रातल्या वचनाची चिठ्ठी काढून मी नोकरी धरली, लग्न केलं, हे घर घेतलं. मार्गदर्शन मिळालं की कळवतो. तूही प्रार्थनेत ठेव.

तुझा,
घोळ्या

•

११ जून

चि. घोळ्यास,

पत्र पोचलं. बाबांनी तुझं नाव अगदी विचार करून ठेवलं होतं. दुकानात दोन रंगांच्या चपला पाहून तासभर रडणारं पोर तू, तुला दुसरं काय म्हणणार?

अरे, यात विचारायचं काय आहे? डॉक्टरीण शिकलेली बाई आहे, तिने तारीख दिली आहे. २६ला आईला घेऊन जा आणि मोकळा हो.

माझ्या येण्याचं म्हणशील तर अवघड आहे. शाळेची पुस्तकं जुलैअखेर द्यायची आहेत. छापलेले फर्मे छताला टेकलेत आणि शिलाईवर बसणारी दुसरी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे. बाइंडिंगखात्यात सध्या मी, एक म्हातारा कटिंगवाला आणि खळीची बादली, एवढेच आहोत. मालक रजेचं नाव काढू देत नाही. तरी माझ्या येण्याचंही प्रार्थनेत ठेवते. बघू.

आईला सांग, तिची कात्रीबाई आठवण काढते. तुझ्या बायकोला सलाम.

ताई

•

२ जुलै

ती. ताईस,

सलाम. तुझी पुस्तकं संपत आली असतील.

इकडे फार आशीर्वादाचे दिवस चालले आहेत. मी तीन दिवस उपास केला. नंतर डबीतून चिठ्ठी काढली, तर भिऊ नको अशा अर्थाचं वचन निघालं. पण ते ऑपरेशनला भिऊ नको की आजाराला भिऊ नको, हे स्पष्ट होईना. म्हणून पुन्हा प्रार्थना करून दुसरी काढली. तिच्यात शांत राहा, देव तुझ्यासाठी लढेल, असं आलं. तरी मनाची खात्री व्हावी म्हणून तिसरी काढली, तीही विसावा देण्याबद्दलची. तिन्ही एकाच दिशेच्या! माझ्या अंगावर काटा आला.

म्हणून २६ची तारीख पुढे ढकलली. गेल्या रविवारी चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून साक्षही दिली, की माझ्या आईचे डोळे शस्त्र न लावता बरे होणार आहेत. कितीतरी जणांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी हात हातात घेतला. मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांत यंदा माझं नाव घ्यायचं म्हणतात, पण तो वेगळा विषय.

आई बरी आहे. हल्ली कमी बोलते. प्रार्थनेत असते बहुतेक.

घोळ्या

•

८ जुलै

घोळ्या,

चि. लिहायला हात गेला नाही. मोठा भाऊ असतास तर तीर्थरूपही लिहिलं नसतं.

परवा प्रेसमध्ये खळीच्या बादलीचं झाकण काढलं. तीन दिवसांची शिळी खळ, वर हिरवी साय धरलेली. ती ओतून द्यायला गेले तर तोंड फिरवावं लागलं. तुझं पत्र वाचताना अगदी तसंच झालं. आडपडदा ठेवत नाही, मला तुझी किळस आली. सख्ख्या भावाबद्दल हा शब्द लिहिते आहे आणि खोडायची इच्छा होत नाही.

तू काटे तपासणारा माणूस. एखाद्या दुकानदाराने तुझ्यासमोर तीनदा तोललं आणि त्याला परवडेल ते वजन खरं धरलं, तर त्याच्या काट्यावर तू शिक्का मारशील का? जागच्या जागी जप्त करशील. आणि घरी येऊन तेच देवाशी करतोस. पहिली चिठ्ठी सोयीची नाही, दुसरी काढ. दुसरी आवडली तरी तिसरी काढ, म्हणजे पाळकासमोर सांगायला बरं.

आणि ती साक्ष! आईचे डोळे तू मंडळीत वाटून आलास. आता ऑपरेशन केलं तर तुझं तोंड उतरेल, म्हणून करायचं नाही, हे मला इथे बसून दिसतं. लोकांनी डोळे पुसले म्हणतोस. त्यांना पुसायला धड डोळे आहेत.

आई प्रार्थनेत असते म्हणून कमी बोलते, हे तुला कुणी सांगितलं? तिला विचारलंस का? तीन पानांच्या पत्रात आईचं एक वाक्य नाही. तिला काय हवंय ते सोडून सगळं आहे.

उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन नवी तारीख घे. घेतल्याचं मला कळव. बाकी काही लिहू नकोस.

ताई

•

२६ जुलै

ती. ताईस,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. हिला दाखवलं नाही. एवढे कठोर शब्द तुझ्या तोंडून कधी ऐकले नव्हते, म्हणजे ऐकले होते, पण ते इतरांसाठी असायचे.

मी ढोंगी नाही, ताई. मला खरंच भीती वाटते. माझ्या सहीने आईच्या डोळ्याला पातं लागलं आणि उरलीसुरली नजर गेली, तर जन्मभर मी काय तोंड दाखवू? देवाने सांगितलं म्हणून केलं, एवढा आधार मला हवा आहे. यात काय चुकलं? लहानपणापासून आपल्या घरात असंच शिकवलं ना, की डबी उघडल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही?

तारीख घ्यायला गेलो होतो. रांग मोठी होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईन.

आईचं म्हणशील तर परवा दाराच्या चौकटीवर थोडी आपटली. भुवईला खरचटलं, विशेष काही नाही. शेजारची शिंपीणबाई रोज दुपारी तिच्याशी बोलायला येऊन बसते. आईला ऑपरेशनबद्दल विचारलं. ती म्हणाली, "तू ठरव, बाळा." म्हणजे जबाबदारी माझ्यावरच आहे.

घोळ्या

•

३१ जुलै

घोळ्या,

आता तुला एक गोष्ट सांगते. ती तीस वर्षांपूर्वीच सांगायला हवी होती.

ती डबी मी केली आहे. तू चार वर्षांचा होतास, मी बारा. आपल्या दोघांमधलं बाळ गेलं त्याला पाच वर्षं झाली होती, तरी आई शास्त्र उघडलं की रडायची. एखादं कडक वचन समोर आलं की तिला वाटायचं, आपल्याच पापामुळे बाळ गेलं. बाबांनी मला सांगितलं, रोज एक काढून वाचता येईल अशा चिठ्ठ्या कर. मी शाळेच्या वहीचे कागद घेतले, अडीचशे वचनं उतरवली, पट्ट्या कापल्या, काडीवर गुंडाळल्या. माझी पहिली कापाकापी तीच.

रविवारी दुपारी बाबा माझ्यासमोर बसले आणि एकेक चिठ्ठी उलगडून वाचत गेले. भिऊ नको, ठेव. विसावा देईन, ठेव. ऊठ आणि जा, काढ. तुझा भाऊ कुठे आहे, काढ. आईबापांचा मान राख, तेसुद्धा काढलं, कारण ते वाचून आईला तिची आई आठवायची. जिथे म्हणून माणसाला काही करायला सांगितलं होतं, ते सगळं काढलं. म्हणाले, "तिला बरं वाटेल तेवढंच राहू दे." काढलेल्या चिठ्ठ्या टोपलीत गेल्या.

कळलं? त्या डबीत ऊठ म्हणणारी चिठ्ठीच नाही. तू तीन काढ नाहीतर तीनशे काढ, ती तुला भिऊ नको एवढंच म्हणणार. नोकरीला, लग्नाला, घराला तुला जे उत्तर मिळालं तेच आईच्या डोळ्यांना मिळालं. एका दुखावलेल्या बाईसाठी तिच्या नवऱ्याने केलेलं ते औषध होतं. तू त्याचा देव केलास.

मीही गप्प राहिले. तू डबी घेऊन बसलास की मला मनात हसू यायचं. आज त्या हसण्याचाही वीट येतो आहे.

तारीख घेतलीस का?

ताई

•

१९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी डबी पलंगावर उपडी केली. सगळ्या चिठ्ठ्या उलगडल्या. दुपारपासून संध्याकाळपर्यंत वाचत होतो. तू म्हणालीस तसंच आहे. मला आधी तुझा राग आला, मग बाबांचा. दवाखान्यात गेलो नाही. कसं ठरवायचं तेच मला कळेना. आतापर्यंत मी स्वतः काही ठरवलंच नव्हतं.

मंगळवारी दौऱ्यावरून परतलो तर घराला कुलूप. शाळेतून आलेली ही पायरीवर बसलेली. किल्ली शिंपिणीच्या नवऱ्याकडे होती. त्याने सांगितलं, आईने शिंपिणीकरवी तारीख घेतली होती आणि दोघी सकाळीच दवाखान्यात गेल्या.

मी पोचलो तेव्हा आई खाटेवर होती, डाव्या डोळ्याला पट्टी. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. उजवा डोळा गेला, ताई. पूर्ण. दोन आठवड्यांपूर्वी त्यातलं शेवटचं दिसणं गेलं आणि आईने आम्हाला सांगितलंच नाही. डाव्याचं ऑपरेशन वेळेत झालं, तो राहील म्हणतात. डॉक्टरीणबाई चढ्या आवाजात काही बोलल्या नाहीत. फक्त जूनमधला तो चित्राचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

खाटेला फॉर्म लटकवला होता. सोबत कोण, या रकान्यात शिंपिणीची सही. नातं: शेजारीण. मी ते किती वेळ वाचत उभा होतो, मला आठवत नाही. स्वतःची एवढी शिसारी मला कधी आली नव्हती.

रविवारी मंडळीत उभा राहिलो आणि सांगितलं की मी दिलेली साक्ष खोटी होती. कुणी डोळे पुसले नाहीत. पाळकसाहेब म्हणाले, यावर आपण प्रार्थना करू.

आता एक विचारतो. तू जूनमध्ये लिहिलं होतंस, "माझ्या येण्याचंही प्रार्थनेत ठेवते." पत्र माझ्यासमोर आहे. पुस्तकं जुलैअखेर संपणार होती, आज १९ ऑगस्ट आहे. तुला उत्तर आलं का, ताई? की तुझ्याकडेही एक डबी आहे?

घोळ्या

•

२७ ऑगस्ट

चि. कात्रीबाईस,

आईचे आशीर्वाद. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून घे. शिंपीणबाई लिहून देते म्हणत होती, पण हे मला माझ्या हाताने लिहायचं होतं. पट्टी निघाली आहे, अजून सगळं धुरकट दिसतं. मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणून थोडक्यात.

घोळ्याने मला तुझी पत्रं वाचून दाखवली. मी मागितली म्हणून. तुझी भाषा फार वाईट आहे, पण खोटी नाही.

डबीचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुझ्या बाबांनी टोपलीत टाकलेल्या चिठ्ठ्या मी दुसऱ्या दिवशी केर काढताना उचलल्या. एकोणचाळीस होत्या. बटणांच्या डब्यात ठेवल्या. तुम्ही शाळेत गेलात की त्यातली एक वाचायची. रडायची, आणि मग उठून कामाला लागायची. तुझ्या बाबांना सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटलं असतं. त्यांच्या मऊ चिठ्ठ्यांनी मला झोप दिली, हेही खरं आहे. पण माझं बाळ गेल्यावर मला उभं केलं ते टोपलीतल्या चिठ्ठ्यांनी.

तुम्ही दोघं देवाला विचारता म्हणता. मीही विचारते, रोज, तोंड धुवायच्या आधी. बहुतेक वेळा समोर पडलेलं कामच तो दाखवतो. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढलं तेव्हाच मला कळलं होतं काय करायचं ते. तरी मी थांबले. वाटलं, हा एकदा तरी आपल्या मनाने ठरवील, तू एकदा तरी न बोलावता येशील. तुमची वाट बघण्यात माझा डोळा गेला. तो दोष मी देवाला देत नाही, तुम्हालाही अर्धाच देते.

दोन मुलांची गोष्ट तुला आठवते का? बापाने मळ्यात कामाला जा म्हटलेली; एक नाही म्हणाला पण नंतर गेला, दुसरा जातो म्हणाला आणि गेलाच नाही. ती एका पट्टीवर मावली नाही, म्हणून तू दोन पट्ट्यांवर लिहिली होतीस, एकेका मुलाची एकेक. तुझ्या बाबांनी दोन्ही काढल्या. त्यातली एक घोळ्याला दिली, एक तुला पाठवते आहे. कुठली कुणाला गेली ते मला अजून वाचता येत नाही.

आई

•

२ सप्टेंबर

चि. घोळ्यास,

पुन्हा चि. लिहिते आहे. त्याचा फार अर्थ काढू नकोस, तुझी किळस पूर्ण गेलेली नाही. फक्त आता ती एकट्या तुझी राहिली नाही.

तुझं १९चं पत्र मी बारा दिवस उशीखाली ठेवलं. रोज सकाळी म्हणायचे, देवा, काय उत्तर देऊ? आणि कामावर जायचे. पुस्तकं दोन ऑगस्टलाच गेली होती, रे. शिलाईवरची बाईसुद्धा परत आली. मालक रजा देत नाही असं मी लिहिलं होतं, पण मी त्याला विचारलंच नव्हतं. काल विचारलं. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "जा की, तीन वर्षांत तुम्ही रजा घेतली कुठे?" आठ शब्दांचं काम होतं ते, जूनमध्येही तेवढंच होतं. आईकडे येऊन राहायचं म्हणजे तिचं म्हातारपण जवळून बघायचं, याचा मला कंटाळा होता. हे आधी कुठे लिहिलं नव्हतं. आता तेही खोडत नाही.

आईने पाठवलेली चिठ्ठी उलगडली. अक्षर माझंच, बारा वर्षांचं, कोपऱ्यात शाईचा डाग. तुझ्यावर एवढं लिहिलं, दुकानदार काय, काटे काय, आणि पट्टी निघाली ती जातो म्हणून न गेलेल्या मुलाची.

म्हणजे नाही म्हणून नंतर गेलेला तुझ्याकडे आहे. बरोबर झालं आहे असं नाही, तूही काही गेला नव्हतास. पण मंडळीसमोर उभा राहून आपलं खोटं कबूल केलंस, ते मला जमलं नसतं. ती पट्टी जपून ठेव, हरवू नकोस. मला ती हवी आहे, पण आत्ता देऊ नकोस. सहा आठवडे झाले की आईला विचार, आणि ती म्हणाली तरच दे.

गुरुवारी दुपारी दोनच्या गाडीने येते. मला घ्यायला स्टँडवर येऊ नकोस. त्या वेळी आईचे थेंब असतात.

ताई